पदवी देणाऱ्यांनो, आधी तुमची जर्नले दाखवा!

संगणकशास्त्राची पदवी हवी असेल तर काय काय करावे लागते, हे भंडारा जिल्ह्यातल्या पोरापोरींना सांगायला नको. बारावीची गुणपत्रिका, टी.सी., जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, आधार, आधारशी जोडलेले बँक खाते, एबीसीचे खाते, अपार क्रमांक. हे सगळे गोळा करायचे दिवस आणि धानाच्या रोवणीचे दिवस एकच. म्हणजे बापाने बांधीतून चिखलाचे पाय काढायचे, धुवायचे आणि सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहायचे. सर्व्हर डाऊन असला तर उद्या पुन्हा. एवढे करून प्रवेश मिळाला की सहा सत्रे. हजेरी पंचाहत्तर टक्के. जर्नल पूर्ण आणि सही-शिक्क्यासह. हिवाळी परीक्षा, उन्हाळी परीक्षा, एटीकेटी राहिली तर तिचा वेगळा फॉर्म, वेगळे शुल्क. फॉर्म एक दिवस उशिरा भरला तर विलंब शुल्क. फी थकली तर हॉल तिकीट नाही.

एवढ्या अटी ज्याच्या डोक्यावर, तो अठरा वर्षांचा आहे. आणि जे पदवी देतात, ते संस्थाचालक, ते विद्यापीठ, ते उच्च शिक्षण खाते, यांच्यावर अटी किती? कागदावर ढीगभर आहेत. पाळल्या नाहीत म्हणून कोणाचे हॉल तिकीट अडले? आमचा आजचा सवाल एवढाच आहे आणि तो आम्ही मऊ शब्दांत विचारणार नाही.

कागद काय म्हणतो ते आधी पाहू. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी राज्य सरकारने २० एप्रिल २०२३ रोजी शासन निर्णय काढला. त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात आणि चौथे वर्ष करून ऑनर्स घ्यायचे तर १६० ते १७६. त्यात मुख्य विषय, गौण विषय, खुले ऐच्छिक, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, क्षेत्रीय प्रकल्प, समाजकार्य, ऑन द जॉब ट्रेनिंग. ताट भरगच्च आहे आणि आराखड्यात तसे वाईट काही नाही. एक क्रेडिट म्हणजे व्याख्यानाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास, हे मापही ठरलेले आहे.

आता याच मापाने आपण मोजू. दोन क्रेडिटचे एक प्रात्यक्षिक म्हणजे सत्रात ६० तास. सत्र पंधरा आठवड्यांचे धरले तर आठवड्याला चार तास. समजा, वर्गात ६० मुले आणि लॅबमध्ये २० संगणक आहेत, आणि वीसच्या वीस चालू आहेत. (ही शेवटची गोष्ट समजायला फारच उदार मन लागते.) प्रत्येकाला यंत्र द्यायचे तर तीन तुकड्या पाडाव्या लागतात. एका विषयाचे आठवड्याला बारा तास झाले. असे प्रात्यक्षिकाचे विषय प्रत्येक वर्गाला दोनच धरले तरी चोवीस. तीन वर्षांचे तीन वर्ग एकाच वेळी चालतात, म्हणजे बहात्तर. कॉलेज आठवड्याचे सहा दिवस, रोज सात तास उघडे ठेवले तर लॅबकडे तास आहेत बेचाळीस. उरलेले तीस तास कुठून आले? एकेका यंत्रावर दोघेदोघे बसवले तरी अठ्ठेचाळीस होतात, म्हणजे सहा तास पुन्हा हवेत. आणि तरीही वर्षाच्या शेवटी प्रत्येक पोराच्या गुणपत्रिकेवर ती क्रेडिट पुरी चढतात! हा हिशेब पाचवीचा पोरगा करील. संलग्नीकरणाच्या चौकशीला येणाऱ्या प्राध्यापक मंडळींना तो जमत नाही, असे आम्हाला वाटत नाही. जमतो, पण चहा-नाश्ता, शाल-श्रीफळ आणि परतीची गाडी यांच्या गडबडीत तो राहून जातो.

ही खोटी क्रेडिट कशी जन्माला येतात, ते पाहायचे असेल तर जर्नल उघडा. जिल्ह्यातल्या एका पोराने आपले जर्नल आम्हाला आणून दाखवले. कॉलेजचे नाव घेत नाही; घेतले तर उरलेल्यांना आपण सुटलो असे वाटेल. खाकी कव्हर, नाव-रोल नंबर, अनुक्रमणिका, सगळे टापटीप. उजव्या पानावर निळ्या शाईत बबल सॉर्टचा प्रोग्राम. डाव्या कोऱ्या पानावर पट्टीने चौकट आखलेली आणि तिच्यात पेनाने लिहिलेले आउटपुट. होय, पेनाने! जे यंत्राने द्यायचे ते हाताने काढलेले. इनपुटमध्ये पाच आकडे होते: ४५, १२, ७८, ३, ५६. आउटपुटमध्ये लावून आलेले आकडे: ३, १२, ४५, ५६. अठ्ठ्याहत्तर गेला कुठे? पाच आत गेले आणि चार बाहेर आले. खाली लाल शाईत सही, तारीख, आणि ‘चेक्ड’. शेजारच्या पोराचे जर्नल मागवले. त्यातूनही अठ्ठ्याहत्तर गायब! विचारले, "बाबा, हा प्रोग्राम तू कधी चालवून पाहिलास का?" पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, "नाही जी सर, हे त सीनियरच्या जर्नलवरून उतरवलं." सीनियरने त्याच्या सीनियरच्या जर्नलवरून उतरवले असणार. कोण्या एका पोराच्या हातून कधीकाळी एक आकडा सुटला आणि तेव्हापासून तो पिढ्यान्पिढ्या सुटतो आहे, लाल शाईच्या सहीनिशी!

त्या पोरावर आमचा राग नाही. त्याला वर्गात जे मिळाले ते त्याने वहीत उतरवले. राग त्या लाल शाईवर आहे. त्या सहीचा अर्थ असा की, या मुलाने माझ्यासमोर यंत्रावर बसून हे काम केले. तो अर्थ खोटा आहे, हे सही करणाऱ्याला ठाऊक आहे, प्राचार्यांना ठाऊक आहे, प्रात्यक्षिक परीक्षेला येणाऱ्या बाह्य परीक्षकालाही ठाऊक आहे, कारण त्याच्या कॉलेजातही हेच चालते. बनावट सातबाऱ्यावर सही करणाऱ्या तलाठ्याला आपण निलंबित करतो. बनावट प्रात्यक्षिकावर सही करणाऱ्यांना मानधन मिळते.

आणि चुकून एखादे दिवशी लॅब उघडलीच तर पडद्यावर काय असते? टर्बो सी! १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचा निळा पडदा. जगाने तो केव्हाच अडगळीत टाकला. आपल्याकडे नव्या संगणकावर जुने यंत्र असल्याचे सोंग उभे करून तो चालवला जातो, कारण शिकवणाऱ्याच्या नोट्स त्याच्याच आहेत. फुकट मिळणारे, कायदेशीर, आजचे कंपायलर शेकड्याने आहेत. ते उतरवून घ्यायला इंटरनेट लागते आणि तासभराची इच्छा लागते. इंटरनेट तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये आहे.

आता तर जर्नल नावाच्या या थोतांडाचा उरलासुरला आधारही गेला. चॅटजीपीटीला विचारले की बबल सॉर्ट दोन सेकंदांत मिळतो, आणि तो अठ्ठ्याहत्तर गाळत नाही. म्हणजे उतरवून काढण्याच्या कलेत यंत्राने आपल्या पोरांना हरवले. मग परीक्षा कशाची घ्यायची? परीक्षेच्या दिवशी मुलाला यंत्रापुढे बसवा, आधी न पाहिलेला एक छोटा प्रश्न द्या, लिहू द्या, चुकू द्या, चूक शोधू द्या आणि शेजारी बसून विचारा की ही ओळ इथे का लिहिलीस. अर्ध्या तासात कळते कोणाला येते आणि कोणाला नाही. पण त्याला विचारणाराही जाणता लागतो. घोडे तिथेच पेंड खाते.

संगणकाचे बहुतेक अभ्यासक्रम, बी.सी.ए. म्हणा, बी.सी.सी.ए. म्हणा, विनाअनुदानित आहेत. सरकार पगार देत नाही. संस्था पोरांच्या शुल्कातून चालवते. त्या शुल्कातून आधी इमारतीचा रंग निघतो, मग कमान निघते, मग स्नेहसंमेलनाला पाहुणे येतात आणि उरलेच तर शिकवणाऱ्याचे मानधन. शिकवणारा कोण? कालपर्यंत याच बाकावर बसलेला, तासिका तत्त्वावर नेमलेला, सुट्ट्यांत बिनपगारी, पुढच्या वर्षी असेल की नाही याची शाश्वती नसलेला तरुण. तो एकटाच सी शिकवतो, डेटाबेस शिकवतो, ऑपरेटिंग सिस्टीम शिकवतो, नॅकच्या फाइली भरतो, स्कॉलरशिपचे अर्ज तपासतो आणि निवडणूक आली की कामाला जुंपला जातो. या माणसाला आम्ही दोष देणार नाही. त्याच्या मानधनाचा आकडा छापायची आम्हाला लाज वाटते. देणाऱ्यांना वाटत नाही. विद्यापीठ अनुदान आयोग म्हणतो की सहायक प्राध्यापक व्हायला नेट, सेट किंवा पीएच.डी. हवी. ती पात्रता अंगी बाणवलेला उमेदवार चाळीस वर्षे सुखाने नोकरी करता येईल अशी जागा शोधतो, आणि ती जागा आपण निर्माणच करत नाही. मग नियम भिंतीवर राहतो आणि वर्गात जो मिळेल तो.

मध्यंतरी यावर एक औषध निघाले होते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून बी.सी.ए., बी.बी.ए., बी.एम.एस. हे अभ्यासक्रम आपल्या मान्यतेखाली आणले. राज्याच्या सीईटी कक्षाने २०२४ मध्ये त्यांची पहिली सामाईक परीक्षा घेतली. जागा रिकाम्या राहिल्या म्हणून त्याच वर्षी दुसऱ्यांदा घ्यावी लागली. परिषदेची मान्यता म्हणजे शिक्षक किती, संगणक किती, जागा किती हे कोणीतरी बाहेरचा विचारणार. झाले! राज्यातल्या अनेक संस्थांनी रातोरात अभ्यासक्रमाची पाटीच बदलली. मुंबईत बी.एम.एस.चे बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) झाले. अन्यत्र संगणकाच्या पदव्यांनीही अशीच नवी बारशी केली. आतला माल तोच, फक्त तपासनीस टळला. भाबड्या लोकांना वाटले, पोरांची सीईटीची कटकट वाचली. कोणाची कटकट वाचली ते ओळखा! आणि यात बुडाले कोण? जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पण ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या मुलींना आहे. पाटी बदललेल्या दुकानात शिरलेल्या मुलीने ती कुठे मागायची? मोहाडीच्या एखाद्या कोष्ट्याच्या मुलीने प्रवेशाच्या खिडकीशी हा प्रश्न विचारला तर तिला उत्तर मिळत नाही, पावती मिळते.

नागपूर विद्यापीठाकडे वळू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालेले हे विद्यापीठ. शंभरी थाटात साजरी झाली. २००५ पासून ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव लावते. ज्यांनी ‘ग्रामगीता’ लिहिली, गावाच्या सफाईपासून गावच्या शिक्षणापर्यंत सगळे मांडले, त्यांचे नाव पाटीवर आणि पवनी-लाखांदूरच्या पोराला साध्या गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करायला नागपूरच्या चकरा! महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ सांगतो की परीक्षेनंतर तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल लावा. नाही लागला तर विद्यापीठाने काय करायचे? कारणे देणारा अहवाल कुलपतींना आणि शासनाला पाठवायचा. बस्स! पोराने एक दिवस उशीर केला तर खिशातून दंड. विद्यापीठाने दोन महिने उशीर केला तर एक टपाल. एम.सी.ए.चा प्रवेश हुकला, कंपनीची जॉइनिंग गेली, वर्ष वाया गेले, त्याची भरपाई त्या अहवालाच्या कोणत्या परिच्छेदात असते? आमची मागणी सरळ आहे. पंचेचाळिसाव्या दिवसानंतर प्रत्येक दिवसाला विद्यापीठाने परीक्षार्थीला विलंब शुल्क द्यावे, तेही त्याच दराने ज्या दराने ते पोरांकडून घेते. हिशेब बरोबरीचा आहे.

अभ्यासक्रमातल्या ज्या एका गोष्टीने सगळे चित्र पालटू शकते, तिचेच सर्वांत वाईट हाल आहेत. ती म्हणजे प्रकल्प आणि ऑन द जॉब ट्रेनिंग. चार क्रेडिट, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे १२० तास. काय होते त्यांचे? नागपुरात पैसे टाकले की सोर्स कोड, हार्ड बाइंडिंगचा रिपोर्ट, पीपीटी आणि वायव्हाची प्रश्नोत्तरे असा पूर्ण संच मिळतो. नाव तेवढे आपले छापायचे. विषयही ठरलेले: लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम, स्टुडंट मॅनेजमेंट सिस्टीम, हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम. हॉस्पिटल! ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा शहरातल्या जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. सारा देश हादरला. त्यानंतर याच शहरातल्या किती संगणक पदवीधरांना कोणी त्या कक्षात नेऊन सांगितले की, बाबांनो, इथे तापमान, धूर, विजेचा भार यांची नोंद ठेवून वेळीच घंटा वाजवणारे काहीतरी बनवून दाखवा? सेन्सर काही शेकड्यांत मिळतात. सहा महिने हाताशी असतात. मार्गदर्शक नेमलेला असतो. पण आपली पोरे नागपूरहून ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट’ विकत आणतात आणि रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलचा उंबरठा ओलांडत नाहीत, कारण कोणी ओलांडायला लावले नाही.

आणि म्हणे, भंडाऱ्यात इंटर्नशिप कुठे करायची, इथे कंपन्याच नाहीत! आंधळे झालात काय? वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. गडेगावला अशोक लेलँड आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मॉइलच्या मँगनीज खाणी आहेत. तुमसरची धान-तांदळाची बाजारपेठ आहे, जिल्हाभर राइस मिल आहेत. कोसा विणणारे आंधळगाव आहे. आधारभूत केंद्रावर धान विकायला गेलेल्या शेतकऱ्याची नोंदणी ऑनलाइन, सातबारा ऑनलाइन, बोनस ऑनलाइन. आणि तरी त्याला रात्र रात्र बैलबंडीशेजारी, ट्रॅक्टरखाली काढावी लागते. कोणत्या केंद्रावर आज किती पोती मोजली, बारदाना किती उरला, माझा नंबर परवा येईल की तेरवा, एवढे मोबाइलवर दाखवणारी गोष्ट तिसऱ्या वर्षाची चार पोरे मिळून करू शकतात. मालगुजारी तलाव जिल्ह्यात गावोगाव आहेत. कोणत्यात गाळ किती, पाणी किती, अतिक्रमण किती, याचा नकाशा करा. २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द प्रकल्पाचे विस्थापित अजून फाइली घेऊन फिरतात. त्यांच्या दाव्यांची धड यादी लावून द्या. हे सगळे डेटाबेसचेच धडे आहेत. पुस्तकात ‘एम्प्लॉयी टेबल’ असते, इथे जिवंत माणसे आहेत, एवढाच फरक. जिल्हाधिकाऱ्यांनी दरवर्षी जूनमध्ये आपल्या खात्यांकडून अशा पन्नास प्रश्नांची यादी मागवावी आणि कॉलेजांना पाठवावी. त्याला ना मंत्रिमंडळाची मंजुरी लागते, ना निधी.

गणिताविषयी दोन शब्द. बी.सी.ए.ला बारावीची कोणतीही शाखा चालते. चालावी, कला शाखेच्या मुलीला संगणक शिकायचा अधिकार नाही असे आम्ही म्हटले तर आमच्या लेखणीला कीड लागो. पण जिने दहावीनंतर गणिताचे तोंड पाहिले नाही तिला पहिल्याच सत्रात तर्कशास्त्र, संच, मॅट्रिक्स यांच्या खाईत ढकलून ‘तुझ्याने होत नाही’ म्हणणे, हा दरवाजा उघडून पायरी काढून घेण्याचा प्रकार आहे. जूनपूर्वी सहा आठवड्यांचा गणिताचा वर्ग सातही तालुक्यांच्या ठिकाणी सहज भरवता येईल. जिल्हा परिषदेकडे खोल्या आहेत, निवृत्त गुरुजी आहेत. इच्छा कोणत्या टेबलावर अडकली आहे?

भाषेचेही तेच. पुस्तक इंग्रजी, शिकवणे मराठी-हिंदीचे मिश्रण, पेपर पाठांतराचा. पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने २०२१ साली संगणक अभियांत्रिकीची पदवी मराठीतून सुरू केली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलवर सी, जावा, पायथॉन, लिनक्स यांचे धडे मराठीतून फुकट आहेत. ‘स्वयम’ पोर्टलवरून सत्रातल्या चाळीस टक्क्यांपर्यंत विषय पुरे करायला विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगी आहे. म्हणजे साकोलीच्या मुलीला घरबसल्या आयआयटीच्या प्राध्यापकाकडून डेटा स्ट्रक्चर शिकून त्याचे क्रेडिट आपल्या खात्यात जमा करता येते. हे तिला किती कॉलेजांनी सांगितले? सांगितले तर आपल्या वर्गात कोण बसणार, ही धास्ती!

धोरणाची नवी करामत म्हणजे ‘मल्टिपल एक्झिट’. एक वर्षाने सोडा, प्रमाणपत्र घ्या. दोन वर्षांनी सोडा, डिप्लोमा घ्या. तीन वर्षांत परत या, सात वर्षांत पुरे करा. मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू पोराला ही सोय आहे. इथल्या मुलीला तो हाकलण्याचा राजमार्ग आहे. पहिल्या वर्षाअखेर घरी स्थळ येते, बाप म्हणतो, "सर्टिफिकेट तर मिळालं ना, आता बस." काल जिला आपण शाळा-कॉलेजातून गळालेली म्हणत होतो, तिच्याच हातात उद्या शिक्क्याचा कागद असेल आणि सरकारच्या तक्त्यात गळती शून्य दिसेल. वा रे पाटीवाले!

आणि पालकांनो, तुम्हालाही सोडायचे कारण नाही. मुलगी बी.सी.ए. झाली की बायोडाटात एक ओळ वाढली, एवढ्यावर तुमचे समाधान. मुलगा बी.सी.ए. झाला की तोच पहाटे पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावताना दिसतो, कारण त्याच्या पदवीने त्याला ‘ग्रॅज्युएट’ या रकान्यापलीकडे काही दिले नाही. पोलीस होणे वाईट नाही. पण धावायलाच लावायचे होते तर तीन वर्षे त्याला वर्गात कशाला कोंडलेत? एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र आणि संगणकशास्त्राची पदवी यांत फरक काय, हे ज्या घरात कोणी विचारत नाही, त्या घराला कॉलेजवाला दोन्ही एकाच भावाने विकणारच.

या जिल्ह्याला विद्येची किंमत ओळखण्याची सवय तशी जुनी नाही. १९५४ साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत कोलंबिया विद्यापीठाचा डॉक्टरेट, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा डी.एस्सी. आणि बॅरिस्टर असलेला, राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष उमेदवार म्हणून उभा होता, आणि आपण त्याला पाडले. डॉ. बाबासाहेबांचे पुतळे आपण नंतर उभारले. ते पुतळे रोज आपल्याला पुस्तक दाखवतात. आपण त्यांना हार दाखवतो. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगासमोर सांगितले होते की रयतेच्या घामातून आलेला पैसा वरच्यांच्या शिक्षणावर जातो आणि रयत कोरडी राहते. आज रयतेची मुले कॉलेजात आली आहेत, शुल्कही रयतच देते आहे आणि तरी रयत कोरडीच! मधल्या मध्ये पाणी कोणी अडवले?

कुवतीचे म्हणाल तर याच विदर्भात, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यात विजय भटकर जन्मले, नागपुरात अभियांत्रिकी शिकले, आणि अमेरिकेने महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९९१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात परम ८००० उभा राहिला. खेड्यातल्या पोराला जमत नाही, हा बहाणा त्या दिवशीच मेला. त्यांच्या काळी नागपूरच्या त्या महाविद्यालयात पूर्णवेळ शिक्षक होते, प्रयोगशाळा उघडी असे आणि पदवीच्या अटी दोन्ही बाजूंनी पाळल्या जात. जादू काही नव्हती.

म्हणून आमचे म्हणणे असे. ज्या कॉलेजला प्रत्येक सत्रात लॅबचा तासातासाचा तक्ता आणि यंत्रांवरच्या लॉगिनची नोंद दाराबाहेर लावता येत नाही, त्याची त्या अभ्यासक्रमाची जागा पुढल्या वर्षी अर्धी करा. जिथे निम्मे शिक्षक पूर्णवेळ आणि पात्र नाहीत, तिथे नवा प्रवेश बंद. जर्नलला गुण देणे आजच थांबवा. प्रात्यक्षिक परीक्षा यंत्रावर, न पाहिलेल्या प्रश्नावर आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या परीक्षकासमोर घ्या. विकत आणलेला प्रकल्प सापडला तर विद्यार्थ्याबरोबर सही करणाऱ्या मार्गदर्शकावर आणि प्राचार्यांवरही कारवाई करा. हे करायला नवा कायदा लागत नाही. अधिसभेत आणि विद्वत परिषदेत जाऊन बसलेल्या आमच्या जिल्ह्याच्या प्रतिनिधींनी एकदा तोंड उघडले तरी पुरे. निवडून येताना ते उघडते हे आम्ही पाहिले आहे.

कुलगुरू हे करतील, मंत्री करतील, संस्थाचालक करतील, यावर विसंबून राहायला आम्ही एवढे भोळे नाही. प्रवेशाचा हंगाम आला की तुम्ही स्वतः, पोराला घेऊन, कॉलेजात जा. कमान पाहू नका, बागेतला पुतळा पाहू नका, प्रॉस्पेक्टसमधले चकचकीत फोटो तर मुळीच पाहू नका. संगणकाच्या लॅबचे कुलूप उघडायला सांगा. किती यंत्रे चालू होतात ते मोजा. शिकवणारे कोण, किती वर्षांपासून आहेत आणि पुढच्या वर्षी असतील का, ते त्यांच्याच तोंडून ऐका. तिसऱ्या वर्षाच्या एका पोराला बोलावून यंत्रावर पाच आकडे लावून दाखवायला सांगा. आणि हे सारे होईपर्यंत शुल्काच्या खिडकीवर एक रुपयाही ठेवू नका.